भिंतीलाही कान असतात : ऐकण्याची खोली, चित्रं आणि घरी केलेले पॅनल

(परभणी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज लाकडी चौकटी, रॉकवूल आणि मांजरपाट यांवर बोलणार, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटतं. पण हा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या घरात एका फजितीतून शिरला. ती फजिती आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातली संध्याकाळ. मी माझ्या खोलीत गाणं ऐकत बसलो होतो. नात दारात येऊन ओरडली, "आबा, लवकर या, ताप आलाय!" मी ऐकलं, "साप आलाय!" कोपऱ्यातली काठी घेतली, पलंगाखाली वाकून पाहिलं, पुस्तकांच्या मागं पाहिलं. ती बिचारी रडकुंडीला आली. "आबा, ताप! आजीला ताप!" (हशा)

हसा, आम्हीही नंतर पुष्कळ हसलो. पण त्या रात्री झोप आली नाही. सौभाग्यवती शेजारच्या खोलीत तापानं फणफणली होती आणि मी पलंगाखाली साप शोधत होतो. एका अक्षराचा फरक, पण माणूस कुठल्या कुठं जातो बघा.

कानाची तपासणी झाली. निदान आपल्या वयाचंच. उंच पट्टीचे ध्वनी आधी मंदावतात. कानाचं यंत्र घेतलं. गंमत अशी, की यंत्र लावून अंगणात बसलो की शेजाऱ्याचं कुजबुजणंसुद्धा कळायचं, आणि माझ्या खोलीत आलो की समोर बसलेल्या माणसाचं बोलणं कालवल्यासारखं व्हायचं. तेच कान, तेच यंत्र, तोच माणूस. मग बिघाड कुणात? तर खोलीत! आज बोलायचं ते या खोलीबद्दल, आणि मुख्य म्हणजे तिच्या भिंतींवर आपण काय टांगतो त्याबद्दल.

खोली काय करते?

माझं लहानपण याच जिल्ह्यातल्या एका माळवदाच्या घरात गेलं. जाड मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात वळकट्या, दांडीवर धोतरं-लुगडी, वर लाकडी सरे. त्या घरात आवाज पडायचा आणि जिरायचा. आता आपण स्लॅबच्या घरात राहतो. गुळगुळीत प्लास्टर, खाली फरशी, वर सपाट छत, खिडकीला काच. दिसायला स्वच्छ, पुसायला सोपं. पण आवाजाच्या दृष्टीनं ही खोली म्हणजे सहा बाजूंनी आरसे लावलेली पेटी आहे.

मराठीत बोलताना स्वर मोठे आणि लांब असतात. आ, ई, ओ यांत ताकद असते. व्यंजनं मात्र छोटी आणि हलकी. त, स, श, फ, थ ही तर नुसती फुंकर किंवा टिचकी. अर्थ मात्र बहुतेक तीच ठरवतात. ताप, साप, थाप, माप : स्वर तोच, पहिली टिचकी वेगळी. कडक भिंतींच्या खोलीत आधीच्या शब्दातला "आ" भिंतींवरून उसळत राहतो आणि त्याच्या शेपटीखाली पुढच्या शब्दातली ही टिचकी दबून जाते. तरुण कान अंदाजानं भरून काढतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. कानाचं यंत्रही बोलण्याबरोबर ती शेपटी मोठी करतं.

गाण्याचंही तेच. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एक खोली आधीच असते. किशोरीताईंचा आलाप ज्या सभागृहात किंवा स्टुडिओत मुद्रित झाला, तिथला घुमारा त्यात आहे. तो आपण आपल्या फरशीच्या खोलीत वाजवतो तेव्हा एका खोलीवर दुसरी खोली चढते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे बारीक-बारीक उच्च स्वरांची झळाळी. ती स्वच्छ ऐकू येते की नुसता गुंजारव होतो, हीच खोलीची खरी परीक्षा.

उशा मोजणारा प्राध्यापक

या गोष्टीचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो अमेरिकेतल्या वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालय नवीन बांधलं होतं. त्यातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. म्हणजे एक शब्द विरायच्या आत वक्ता दहा-बारा शब्द पुढं गेलेला. बघा, कलेचं संग्रहालय, डोळ्यांसाठी सगळं केलेलं, आणि कानाचा कुणी विचारच केला नाही!

सॅबाइन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्यानं काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत घड्याळ धरायचं. थोड्या गाद्या ठेवून मोजायचं, आणखी ठेवून मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. या खटाटोपातून एक साधं सूत्र निघालं. खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. उत्तर येतं घुमण्याच्या काळाचं, सेकंदांत. १९०० साली उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल याच अभ्यासाच्या आधारानं बांधलं गेलं.

शोषण मोजायचं माप त्यानं मोठं छान घेतलं : उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषणाचा एक एकक. प्लास्टरची भिंत शंभरातले दोन-तीन भागच गिळते. एक माणूस मात्र साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. म्हणून रिकामं मंगल कार्यालय घुमतं आणि पंगत बसली की जरा निवतं.

माझ्या खोलीचा हिशेब फळ्यावर मांडतो. बारा फूट रुंद, पंधरा लांब, दहा उंच. आकारमान सुमारे ५१ घनमीटर. ०.१६१ नं गुणलं की ८.२. खोली अगदी रिकामी असेल तर शोषण जेमतेम अडीच, म्हणजे घुमण्याचा काळ तीन सेकंदांच्या वर. पलंग, पडदा, खुर्च्या, मी स्वतः धरून शोषण पाच. काळ १.६ सेकंद. ऐकण्याच्या खोलीला हवा अर्ध्या सेकंदाच्या आसपास. म्हणजे कुठून तरी दहा-अकरा चौरस मीटर "उघडी खिडकी" आणायची होती. आणि खऱ्या खिडक्या उघडाव्यात तर मे महिन्यात आपल्याकडची झळ आत येते, उरलेल्या वर्षात धूळ.

भांडण भिंतीवरून

इथून घरातलं राजकारण सुरू झालं. मी जाहीर केलं, भिंतींवर पॅनल लावणार. भिंतींवर आधीच काय होतं? आई-वडिलांचे काचेच्या चौकटीतले फोटो, मुलाच्या लग्नाचा फोटो, भावानं तरुणपणी रंगवलेलं तैलचित्र आणि एक दिनदर्शिका. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुमच्या कानासाठी सासूबाईंना खाली उतरवायचं का?"

प्रश्न बिनतोड होता. ऐकण्याच्या खोलीत राहायचंही असतं. राखाडी फोमचे ठोकळे भिंतभर लावले तर आवाज सुधारेल, पण ती खोली कुणाची राहील? आणि दुसरीकडून पाहा : भिंतीवरचं प्रत्येक चित्र, आपण म्हणू न म्हणू, ऐकण्यात भाग घेतंच. काचेचा फोटो आवाज परतवतो. सतरंजी टांगली तर ती थोडा गिळते. म्हणून "चित्र लावावं की ध्वनीची सोय करावी" हा प्रश्नच चुकीचा. भिंत एकच आहे, ती डोळ्यांचीही आहे आणि कानांचीही. प्रश्न एवढाच, की ज्यानं डोळ्यांना सुख मिळतं त्याची कातडी आवाजाला आत घेते की बाहेरच्या बाहेर परत पाठवते?

ही जाण आपल्याकडं जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातला दुसरा अध्याय काढून पाहा. नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा शिरू नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येतं, असं तिथं सांगितलं आहे. मंडप मर्यादेपेक्षा मोठा झाला तर नटाचे शब्द बेसूर होतात, म्हणून चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद हे माप माणसांच्या नाटकाला योग्य. हे सगळं झाल्यावर त्याच ओघात भिंतींना लेप द्या, चुना द्या, आणि मग त्यांवर स्त्री-पुरुषांची आणि वेलींची चित्रं काढा, असंही सांगितलं आहे. ध्वनीचा विचार आणि चित्राचा विचार एकाच अध्यायात, एकाच भिंतीवर. अर्थात ती चित्रं कडक लेपावरची होती. तिथं आवाज गिळण्याचं बरंचसं काम भरगच्च प्रेक्षकच करत असणार. माझ्या खोलीत प्रेक्षक एक, तोही कानानं अधू.

माझी चूक : फ्लेक्स

मला वाटलं, युक्ती सापडली. पॅनल करायचे आणि त्यांवर चित्रं छापायची. आपल्या गावात छपाईला काय तोटा? चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागतात. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या जुन्या मंदिरांचे मी काढलेले फोटो होते. ते फ्लेक्सवर छापून घेतले, रॉकवूलच्या चौकटींवर ताणून बसवले. दिसायला एकदम झकास. मिस्त्री म्हणाले, "सर, संग्रहालय झालं की!"

टाळी वाजवली. पूर्वीसारखाच 'टर्रर्र' असा फडफडता प्रतिध्वनी. गाणं लावलं. तबल्याचा डग्गा जरा आटोपशीर झाला होता, पण गायिकेचा आवाज तितकाच टोचणारा, आणि "त" अन् "स" तितकेच गायब. खर्च करून मी नेमकं उलटं केलं होतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. रॉकवूल आवाज गिळतं ते कसं? आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती हवा लाखो बारीक तंतूंमधून वाट काढताना घासते आणि तिची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलते. पण त्यासाठी हवा आत जायला हवी ना! फ्लेक्स म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्रा. खालच्या पट्टीचा आवाज तो पापुद्रा हलवून थोडाफार आत जातो, वरच्या पट्टीचा बाहेरच आपटून परत येतो. जेवायला पाहुणे बोलवायचे आणि दाराला कडी लावायची, तसला प्रकार.

यातून एक कसोटी मिळाली. ती कुठल्याही उपकरणाशिवाय करता येते. कापड तोंडाला घट्ट लावा आणि फुंका. पलीकडं धरलेल्या तळहाताला वारा सहज लागला तर ते कापड चालेल. जोर लावावा लागला किंवा वारा लागलाच नाही, तर ते कितीही सुंदर असो, पॅनलवर नको.

या कसोटीला काय उतरतं? मांजरपाट, विरळ विणीची खादी, गोणपाट, सुती साडी. त्यांवर ठसे छपाई, कापडात मुरणारे पातळ रंग, भरतकाम, हे सगळं चालतं. वारली शैलीची चित्रं तर यासाठीच केल्यासारखी वाटतात. पांढऱ्या बारीक रेषा, मोकळी जागा भरपूर. रेषेपुरती छिद्रं बुजतात, बाकी कापड श्वास घेत राहतं. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतानं ही चित्रं घराच्या मातीच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, तेव्हा आपल्या कामाची एक सोयही नकळत झाली. फोटोच हवा असेल तर तो विरळ कापडावर छापून मिळतो, फक्त छापल्यावर पुन्हा फुंकून पाहा.

काय उतरत नाही? फ्लेक्स, रेक्झिन, घट्ट सॅटीन आणि तैलचित्राचा कॅनव्हास. कॅनव्हासला आधी अस्तराचा रंग देतात, त्यावर तेलाचे थर. छिद्र म्हणून उरत नाही. भावाचं तैलचित्र त्यामुळं पॅनल होऊ शकलं नाही. त्याची व्यवस्था पुढं सांगतो.

आणखी एक मार्ग आहे जाळीचा. पातळ प्लायवूडमध्ये नक्षी कापून घ्यायची आणि मागं रॉकवूल ठेवायचं. छिद्रांचा भाग एकूण क्षेत्राच्या चौथाईच्या आसपास असला तरी बोलण्याच्या पट्टीतला बराच आवाज आत जातो. बीबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळी पाहिलेल्या माणसाला नक्षीची कल्पना वेगळी सांगायला नको.

पॅनल करायचा कसा

आता प्रत्यक्ष कृती. लिहून घ्या म्हणत नाही, सोपी आहे.

चार फूट बाय दोन फूट, दोन इंच खोल अशी लाकडी पट्ट्यांची चौकट. आत ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूलचा स्लॅब, घनता ४८ किलो प्रति घनमीटर किंवा त्याच्या आसपास. एका पॅनलमध्ये वूलचं वजन दोन किलोच्याही आत भरतं, त्यामुळं दोन मजबूत खिळे पुरतात. स्लॅब आधी पातळ कापडात गुंडाळायचा, म्हणजे तंतू झडत नाहीत. हे काम हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून, अंगणात. पुढून चित्राचं कापड ताणून मागं पिना मारायच्या. मागची बाजू मच्छरदाणीच्या कापडानं झाकायची, प्लायवूडनं बंद करायची नाही.

पॅनल भिंतीला चिकटवू नका. मागं दोन इंचांचे लाकडी ठोकळे देऊन पोकळी ठेवा. याचं कारण लाटेच्या लांबीत आहे. १००० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे ३४ सेंटिमीटर लांब, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. हवेची हालचाल अगदी भिंतीलगत सगळ्यात कमी असते, भिंतीपासून दूर वाढत जाते. वूल जितकं पुढं, तितकं खालच्या पट्टीपर्यंत काम करतं. पन्नास मिलिमीटरचा पॅनल साधारण ५०० हर्ट्झच्या वर चांगला चालतो, मागं पोकळी दिली तर आणखी खाली उतरतो. डग्ग्याचा घुमारा आवरायचा असेल तर खोलीच्या कोपऱ्यांत चार ते सहा इंच जाडीचे पॅनल तिरके उभे करावे लागतात.

आपण कापसाच्या मुलखातले लोक. रॉकवूलऐवजी कापूस चालेल का, असं मला पिंजाऱ्यानंच विचारलं. चालतो. पिंजलेला कापूस आवाज चांगला गिळतो. पण तो खाली बसतो, ओल धरतो, उंदरांना आवडतो आणि मुख्य म्हणजे पेटतो. वापरायचाच तर शिवून, थर धरून ठेवून, आणि विजेच्या बोर्डापासून, देव्हाऱ्यातल्या समईपासून लांब. साध्या गादीच्या फोमबद्दल मात्र मी स्पष्ट नको म्हणेन. तो भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो.

आरसा सांगतो जागा

आठ पॅनल झाले. लावायचे कुठं? इथं डोळे कानाचं काम करतात. आपण नेहमीच्या खुर्चीत बसायचं. दुसऱ्या माणसानं आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून हळूहळू सरकवत न्यायचा. आरशात जिथं स्पीकर दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण. प्रकाश ज्या कोनात परततो त्याच कोनात आवाजही, म्हणून जिथं स्पीकर दिसतो तिथूनच पहिला प्रतिध्वनी तुमच्या कानात येतो. ती पॅनलची पहिली जागा. दोन्ही बाजूंच्या भिंती, पाठीमागची भिंत, शक्य असेल तर डोक्यावरचं छतही. आरसा नातीनं सरकवला. तिला तो खेळच झाला.

आणि याच आरशानं घरचं भांडण मिटवलं. जिथं स्पीकर दिसत नाही त्या जागा फोटोंसाठी मोकळ्या. आई-वडील दाराच्या वरच्या बाजूला गेले, भावाचं तैलचित्र मागच्या भिंतीच्या टोकाला. कुणालाच खाली उतरवावं लागलं नाही.

सगळाच आवाज गिळायचा नसतो, हेही इथं सांगायला हवं. मोठ्या सभागृहात तर उलटी गरज असते, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायची. व्हेनेझुएलात काराकासच्या विद्यापीठाचं 'आउला माग्ना' हे सभागृह १९५३ च्या सुमाराचं. वास्तुरचना कार्लोस राउल व्हिलानुएव्हा यांची. तिथं अलेक्झांडर काल्डर या शिल्पकारानं छताखाली आणि भिंतींवर रंगीत "ढग" टांगले आहेत. मोठमोठे, लाकडी, वळणदार. पाहणाऱ्याला ते शिल्प. ध्वनितज्ज्ञाला ते आवाज योग्य दिशेनं परतवणारे फलक. एकाच वस्तूनं दोन्ही कामं केली, आणि ती जागा आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडं मुंबईच्या एनसीपीएमधलं १९८० सालचं टाटा थिएटर पाहा. तिथंही ध्वनिसल्लागार सिरिल हॅरिस यांच्या विचारानं भिंती-छताचे आकार ठरले. जे दिसतं तेच ऐकवतं.

गोधडीचा प्रश्न

सातच कापडं तयार होती. आठव्या पॅनलला काय? सौभाग्यवतींनी ट्रंकेतून आईच्या हातची गोधडी काढली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, चारी बाजूंनी आत-आत जाणारे धावदोऱ्याचे टाके. फुंकून पाहिलं, वारा बेतानंच जात होता, कारण थर जास्त. पण मी म्हटलं, ही स्वतःच थोडं वूल आहे. मागं पोकळी ठेवून ती लाकडी दांडीवर तशीच टांगली. कापली नाही, ताणली नाही.

इथं माझ्यातला मास्तर जागा होतो. कांटनं १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार केले. मुक्त आणि अवलंबित. मुक्त सौंदर्याची उदाहरणं देताना त्यानं भिंतीवरच्या कागदातली पानाफुलांची नक्षी आणि शब्दांशिवायचं संगीत यांना शेजारी शेजारी बसवलं आहे. दोन्ही कशासाठी नसतात, नुसती असतात. इमारतीचं सौंदर्य मात्र अवलंबित, कारण इमारत कशासाठी तरी असते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलेकडं पाहण्याचे अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मांडले, त्यातही हाच ताण आहे.

मग गोधडी कुठं बसते? ती पांघरायला शिवली. भिंतीवर टांगल्यावर ती पांघरूण राहिली नाही. आता ती चित्र आहे, आणि त्याच वेळी नातीच्या शब्दातला "त" माझ्यापर्यंत पोचावा म्हणून काम करते आहे. वर्गात मी चाळीस वर्षं सांगत आलो, की उपयोगाचा विचार आला की निखळ सौंदर्यानुभव डागाळतो. ते विधान मी आज मागं घेत नाही, पण त्यात दुरुस्ती करतो. उपयोग बाहेरून लादला, जसा मी मंदिराचा फोटो फ्लेक्सवर लादला, तर दोन्ही बिघडतं. चित्र फलक होतं आणि फलक निकामी ठरतो. पण वस्तूच्या अंगचा गुण, तिचं मऊपण, तिचे थर, तिची विण, हाच जर उपयोगी पडत असेल, तर उपयोग सौंदर्याच्या आड येत नाही. आईनं टाके घातले ते थर एकत्र राहावेत म्हणून. तेच टाके नक्षी झाले. तिनं हे दोन वेगळे विचार कधी केलेच नव्हते.

फरक काय पडला

पॅनलचं क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस मीटर. फुलक्या हिशेबानं शोषण पाचावरून दहाच्या वर गेलं, काळ १.६ वरून ०.८ सेकंदावर आला. खाली जाड सतरंजी, उघड्या मांडणीत आडवीतिडवी पुस्तकं आणि घरातली तीन माणसं बसली, की ०.६ च्या आसपास. टाळी आता नुसती 'टक' वाजते. जवारी दिसते. हो, दिसते असंच म्हणतो.

मर्यादाही सांगतो. हे पॅनल बाहेरचा आवाज थांबवत नाहीत. गणपतीतला डीजे, रेल्वेचा भोंगा, शेजारचा मिक्सर, सगळे पूर्वीसारखेच आत येतात. त्याला जड भिंत आणि दार-खिडकीच्या फटी बुजवणं लागतं. दुसरं, अती करू नका. भिंतभर पॅनल केले तर गाणं गुदमरतं. आणि तिसरं, पॅनल म्हणजे कानाचा इलाज नव्हे. यंत्र लागतंच, तपासणीही लागते.

पण एक मागणं आहे. आपण घर बांधताना फरशीचा रंग तीनदा बदलतो. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या खोलीत एकदा टाळी वाजवून बघा. पुष्कळदा आपण म्हणतो, आबांना आता काही कळत नाही. त्यांना कळतं. त्यांना ऐकू येत नाही, आणि त्यातला काही भाग भिंतींचा असतो. परवा नातीनं दारातून विचारलं, "आबा, ताक देऊ का?" मी "ताक"च ऐकलं. (टाळ्या)

श्रोत्यांचे प्रश्न

*अंड्यांचे ट्रे लावले तर चालतं असं ऐकलं आहे.*
नाही हो. तो पातळ पुठ्ठा आहे. थोडा वरचा आवाज इकडंतिकडं करतो, गिळत काहीच नाही म्हटलं तरी चालेल. थर्मोकोलचंही तेच, त्यात हवा शिरत नाही. फुंकण्याची कसोटी लावा.

*आम्ही भाड्याच्या घरात राहतो, खिळे मारता येत नाहीत.*
पॅनलला पाय लावा आणि पडद्यासारखे उभे करा. भिंतीपासून लांब राहिल्यानं ते आणखी बरं काम करतात. घर बदललं की बरोबर नेता येतात.

*जिल्हा परिषदेच्या शाळेत हे करता येईल का? आमच्या वर्गात मागच्या बाकावर काही कळत नाही.*
हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. जरूर करता येईल. मुलांनीच मांजरपाटावर वारलीची चित्रं काढावीत, पातळ रंगानं. मागच्या भिंतीपासून सुरुवात करा, कारण फळ्याजवळून निघालेला आवाज तिथंच आदळून परत येतो. उंची मुलांच्या हाताबाहेर, विजेच्या बोर्डापासून लांब. चार पॅनल झाले की टाळी वाजवून बघा, आणि मला बोलवा. मी मागच्या बाकावर बसून ऐकेन.